व्हीलचेअरची गाडी: बेळगाव, खानापूर, निपाणी भागातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बाबांना अर्धांगाचा झटका आल्यावर पहिली दोन वर्षं आम्ही त्यांना उचलूनच न्यायचो. बेळगावच्या शहापुरातल्या आमच्या बोळातून कोपऱ्यापर्यंत खुर्ची, तिथून दोघांनी बगलेत हात घालून रिक्षात, दवाखान्याच्या दारात पुन्हा तेच. एक दिवस ते म्हणाले, "पोत्यागत उचलू नका रे मला." त्या दिवसापासून मी गाड्यांच्या मागे लागलो. आज आमच्याकडे मागून रॅम्प उघडणारी गाडी आहे. ती रस्त्यात कुणी बघितली की काचेवर टकटक होते, नंबर मागून घेतात, मग रात्री फोन. तेच तेच प्रश्न असतात, म्हणून उत्तरं एकदा लिहून काढली.

व्हीलचेअरची गाडी म्हणजे काय ओ? ती तीनचाकी स्कूटर का?

तीही, आणि इतरही. लोक तीन वेगळ्या गोष्टींना हे एकच नाव देतात. पहिली, ज्यात माणूस खुर्चीतून उठून किंवा सरकून गाडीच्या सीटवर बसतो आणि खुर्ची घडी करून डिकीत जाते. दुसरी, ज्यात माणूस खुर्चीसकट गाडीत चढतो आणि प्रवासभर खुर्चीतच बसतो. तिसरी, जी तो स्वतः चालवतो: हाताच्या ब्रेकची कार, साइड व्हीलची स्कूटर, बॅटरीची तीनचाकी. तुमच्या घरच्या माणसाला यातलं काय जमेल हे आधी ठरवा. मांडीवर भार देऊन सरकता येत असेल तर दुसऱ्या प्रकारावर लाखभर रुपये घालायची गरज नाही.

यात नवीन काय? पूर्वीही माणसं नेतच होतो की.

नेत होतो, पण सामानासारखी. पन्नास-साठ वर्षांत जे बदललं ते एवढंच, की खुर्चीतून न उठता, कुणाच्या हाताला न लागता गाडीत जाता यायला लागलं.

याची सुरुवात कुठल्या मोठ्या कंपनीत झाली नाही. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात राल्फ ब्रॉन नावाचा माणूस होता. लहानपणापासून स्नायूंचा आजार, चालता येत नव्हतं. त्याने आधी स्वतःसाठी मोटरवर चालणारी गाडी-खुर्ची बनवली, मग टपालखात्याच्या जुन्या जीपला लिफ्ट बसवून ती स्वतः चालवत कामावर जायला लागला. १९७० च्या सुमारास मोठ्या व्हॅनला बसवायची लिफ्ट त्याने तयार केली आणि शेजारपाजारच्या मागण्यांतून त्याचा कारखानाच झाला.

पुढचा मोठा बदल १९८४ नंतरचा. त्या वर्षी अमेरिकेत पुढच्या चाकांवर चालणाऱ्या मिनीव्हॅन आल्या. इंजिनाची ताकद पुढच्याच चाकांना मिळाली की मागच्या चाकांकडे जाणारा प्रोपेलर शाफ्ट गाडीखाली उरत नाही. मग गाडीचा तळ कापून काही इंच खाली उतरवता येतो. तळ खाली गेला की रॅम्प छोटा होतो आणि खुर्चीतल्या माणसाचं डोकं छताला लागत नाही. आजची जवळजवळ प्रत्येक रॅम्पची गाडी या एका युक्तीवर उभी आहे. त्यावर मग बाकीचं चढत गेलं: बटणावर उघडणारा रॅम्प, चढताना मागून खाली बसणारी गाडी, ओढला की आपोआप ताणला जाणारा पट्टा, रॅम्प उघडा असेल तर गाडी हलूच न देणारं कुलूप.

नवीन सगळंच शहाणपणाचं असतं असंही नाही. जपानमध्ये टोयोटाने २०१७ मध्ये खास टॅक्सी आणली, बाजूने रॅम्प लागणारी. पण तो रॅम्प जोडायला चालकाला इतक्या कृती कराव्या लागायच्या की चालक खुर्चीवाल्यांना टाळायला लागले. ओरड झाली, मग कंपनीने रॅम्प बदलून काम सोपं केलं. आपल्याकडे कुणी रॅम्प दाखवायला आला तर मी एवढंच सांगतो: घड्याळ लावून उघडून दाखव.

रॅम्प बरा की लिफ्ट?

बेळगावात बहुतेकांना रॅम्पच बरा. कारण आधी सांगतो, हिशोब नंतर. लिफ्ट बिघडली तर माणूस अडकतो. रॅम्प बिघडला तर चार हात आणि दोन फळ्यांवर भागतं.

आता हिशोब. समजा गाडीचा तळ जमिनीपासून ४५ सेंटिमीटर वर आहे. इमारतींसाठी जो चढ सांगतात तो १ ला १२, म्हणजे ४५ सेंटिमीटर चढायला ५.४ मीटर लांब रॅम्प. शहापूरच्या बोळात एवढी जागा कुठली? गाडीसाठी म्हणून १ ला ६ किंवा १ ला ४ पर्यंत चालवून घेतात. १ ला ६ ने रॅम्प होतो २.७ मीटर, १ ला ४ ने १.८. दिसायला १.८ चा सुटसुटीत, पण ढकलणाऱ्याला विचारा. माणूस आणि खुर्ची मिळून ९० किलो धरले, तर १ ला १२ च्या चढावर साधारण साडेसात किलोचा जोर लागतो, १ ला ६ वर १५ किलो, १ ला ४ वर जवळपास २२ किलो. हे चाकांचं घर्षण सोडून. आमच्या घरी ढकलणारी आई, वय ६८. म्हणून आम्ही लांब, दुमडणारा रॅम्प घेतला आणि गाडी उभी करताना मागची चाकं उताराच्या वरच्या अंगाला येतील असं बघतो. म्हणजे रॅम्प आपोआप सपाट होतो. हे फुकटचं तंत्रज्ञान आहे, कुठल्या जाहिरातीत सापडणार नाही.

लिफ्ट कुणाला? ज्यांची खुर्ची बॅटरीची आहे त्यांना. खुर्चीच कधी कधी शंभर किलोच्या पुढे, वर माणूस. ती ढकलून चढवायची नसते. शाळा-दवाखान्याच्या मोठ्या व्हॅनलाही लिफ्टच योग्य, कारण तळच उंच असतो. लिफ्ट घेताना दोन गोष्टी बघा: हाताने चालवायचा पंप आहे का, आणि प्लेटफॉर्मच्या कडेला चाक अडवणारी उभी पट्टी आपोआप वर येते का.

उद्यमबागेत ओळखीचा फॅब्रिकेटर आहे. त्याच्याकडून करून घेतलं तर?

हा प्रश्न आठवड्यातून एकदा येतोच, आणि येणारच. फाउंड्री, मशिन शॉप, हायड्रॉलिक्स यांवर हे गाव जगतं. जिथे हायड्रॉलिक पंप आणि व्हॉल्व्ह बनतात तिथल्या माणसाला व्हीलचेअरची लिफ्ट परकी वाटू नये. खरं तर इथे हा धंदा उभा राहायला हवा होता असं माझं मत आहे.

तर रॅम्प, होय, करून घ्या. ॲल्युमिनियमची चेकर प्लेट, दोन्ही कडांना दोन इंच उभी पट्टी, वरच्या टोकाला गाडीत अडकणारा हूक आणि सुटू नये म्हणून पिन. लोखंडाचा करू नका. मजबुतीला शंका नाही, पण रोज उचलून कमरेचं काय होईल? आणि आपल्या पावसात तो गंजणार. आमचा पहिला रॅम्प साध्या गुळगुळीत पत्र्याचा होता. श्रावणातल्या एका लग्नाला गेलो, मंगल कार्यालयाच्या अंगणात लाल चिखल, बाबांची खुर्ची अर्ध्यावर चढली आणि आडवी सरकली. धाकटा भाऊ मधे पडला म्हणून निभावलं. त्यानंतर त्यावर वाळूचा खरखरीत पट्टा चिकटवला.

पण खुर्ची बांधायचे पट्टे आणि ते गाडीच्या तळाला ज्यावर धरतात ते अँकर, हे मात्र वेल्डिंगवर सोडू नका. का, ते पुढच्या उत्तरात.

खुर्ची गाडीत कशाने बांधायची? आम्ही दोरी बांधतो, ब्रेक लावतो.

दोरी आणि खुर्चीचा ब्रेक, दोन्ही पार्किंगपुरते. सगळ्या पानातलं हे उत्तर सावकाश वाचा.

खुर्ची गाडीत बांधण्याची जी पद्धत जगभर तपासून मानली जाते ती चार बिंदूंची. पुढे दोन पट्टे, मागे दोन. हुक खुर्चीच्या चौकटीला, जिथे नळ्या एकमेकींना जोडलेल्या असतात तिथे, अडकवायचे. चाकाला नाही, हाताच्या टेकूला नाही, पाय ठेवायच्या पाटीला तर अजिबात नाही, कारण हे सगळं निघणारं असतं. हे पट्टे आणि प्रवासासाठी बनवलेल्या खुर्च्या यांची चाचणी ताशी ४८ किलोमीटरच्या समोरासमोर धडकेवर करतात. त्या क्षणी साधारण २० जी, म्हणजे वजनाच्या वीसपट, इतका झटका बसतो. म्हणजे १८ किलोची साधी खुर्ची ३६० किलोसारखी पुढे ओढते आणि ७० किलोचा माणूस १,४०० किलोसारखा. आता त्या दोरीकडे पुन्हा बघा.

ताशी ४८ म्हणजे काही भरधाव नाही. पुणे–बेंगळुरू हायवेवर निपाणीहून संकेश्वरकडे येताना त्याच्या दुप्पट वेगाने गाड्या असतात.

दुसरी चूक याहून जास्त घरांत होते. खुर्ची चांगली बांधतात आणि माणूस तसाच. खुर्चीला जो कमरेचा वेल्क्रो पट्टा असतो तो माणूस घसरू नये म्हणून आहे, धडकेसाठी नव्हे. माणसाला वेगळा सीटबेल्ट हवा, गाडीलाच जोडलेला, कमरेवरून आणि खांद्यावरून दोन्हीकडून. कमरेचा भाग हाडावर, मांडीच्या सांध्याजवळ यायला हवा, पोटावर नाही; आणि हाताच्या टेकूच्या वरून नेला तर मधे पोकळी राहते, बेल्ट असून नसल्यासारखा.

जुन्या पट्ट्यांना हाताने रॅचेट ओढून ताण द्यावा लागायचा. आता ओढून अडकवला की स्वतःच ताणून घेणारे मिळतात. थोडे महाग आहेत, पण घाईत रोज वापरायचे असतील तर तेच घ्या. जे काम दोन मिनिटांत होतं ते माणूस टाळत नाही.

जागा कमी पडते. खुर्ची आडवी, दरवाजाकडे तोंड करून ठेवली तर?

नको. तोंड पुढेच हवं. आडव्या बसलेल्या माणसाला ब्रेक लागला की खुर्चीचा हातच बरगडीत घुसतो, आणि हे पट्टे त्या दिशेसाठी तपासलेलेच नसतात.

कोणती गाडी घ्यावी?

गाडीचं नाव विचारण्याआधी टेप काढा. माणूस रोजच्या खुर्चीत रोजच्यासारखा बसलेला असताना जमिनीपासून डोक्यापर्यंतची उंची मोजा, मग खुर्चीची रुंदी चाकाच्या बाहेरच्या रिंगसकट, मग पायाच्या बोटांपासून मागच्या हँडलपर्यंतची लांबी. आता शोरूममध्ये जाऊन मागच्या दाराची उंची मोजा. आतली उंची नव्हे, दाराची. आत जागा असते, दाराच्या चौकटीत डोकं अडतं. सेल्समन हसेल. हसू दे.

आपल्याकडे गरिबांची व्हीलचेअर गाडी म्हणजे वर्षानुवर्षं ओम्नीच होती. तळ खाली, दार सरकणारं, मागून पूर्ण उघडायची. १९८४ मध्ये आली, २०१९ मध्ये बंद झाली. खानापूरच्या आतल्या गावांत अजून चालू ओम्नी सांभाळून ठेवलेली घरं मला माहीत आहेत. आता तिची जागा ईकोने घेतली. ईकोत एक अडचण लक्षात ठेवा: तिची ताकद मागच्या चाकांना जाते, म्हणजे मघाशी सांगितलेला तो शाफ्ट खालून गेलेला आहे. त्यामुळे तळ कापून खाली नेणं सोपं नाही. रॅम्प लावून आहे त्या उंचीवर चढवावं लागतं. उंच माणसाला मान वाकवून चढावं लागेल. मोठं कुटुंब असेल, खुर्ची बॅटरीची असेल, तर टेंपो ट्रॅव्हलरसारखी उंच छताची गाडी आणि लिफ्ट, पण मग बोळ विसरा.

आमच्या अक्काला उभं राहता येतं थोडं. एवढं सगळं करायलाच हवं का?

नको. तिच्यासाठी फिरणारी सीट बघा. गाडीची पुढची सीट दाराबाहेर वळते, कधी थोडी खालीही उतरते. बसायचं, पाय आत घ्यायचे, सीट परत फिरवायची. मारुतीने २०२५ च्या डिसेंबरात बेंगळुरूच्या एका नव्या कंपनीबरोबर वॅगन आरसाठी असा पर्याय निवडक शहरांत सुरू केला. वॅगन आरच का, ते गुडघेदुखीवाल्या कुणालाही कळेल: सीट ना फार खाली ना वर, दार उंच.

त्याहून स्वस्त उपाय म्हणजे सरकायची फळी. गुळगुळीत लाकडाची, तासलेल्या कडांची, एक टोक खुर्चीवर आणि एक सीटवर. सुतार एका दुपारी करून देतो. फिजिओथेरपिस्टकडून सरकायची पद्धत मात्र शिकून घ्या, नाहीतर खांदा जातो.

मला स्वतः चालवायचं आहे. पायांत जीव नाही. लायसन्स मिळतं का?

मिळतं. मोटार वाहन कायद्यात यासाठी अनुकूल केलेल्या वाहनाची वेगळी सोय आहे. डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतं आणि चाचणी तुमच्या बदललेल्या गाडीवरच द्यायची.

गाडीतला बदल दिसायला साधा असतो. स्टिअरिंगखाली एक दांडा: ढकलला की ब्रेक, ओढला किंवा पिळला की ॲक्सिलरेटर. स्टिअरिंगवर एक मूठ, म्हणजे एका हाताने वळवता येतं. अडचण होती क्लचची. त्यासाठी पूर्वी वायर, व्हॅक्युम, नाना जुगाड. २०१४ मध्ये मारुतीच्या सेलेरिओत स्वस्त एएमटी गिअर (क्लच आणि गिअरचं काम गाडीच करते) आला आणि हा प्रश्नच मिटला. आता लहान गाड्यांतही क्लचशिवायची गाडी सहज मिळते. माझ्या मते गेल्या दहा-बारा वर्षांत अपंग चालकांसाठी झालेला सगळ्यात मोठा बदल हाच, आणि तो अपंगांसाठी म्हणून केलेलाच नव्हता. ट्रॅफिकमध्ये पाय दुखणाऱ्यांसाठी केला होता.

इलेक्ट्रिक गाडी चांगली का?

चालवणाऱ्याला चांगली. गिअर नाही, क्लच नाही, ॲक्सिलरेटर सोडला की गाडी स्वतःच मंदावते, त्यामुळे हाताला काम कमी. खुर्चीसकट बसणाऱ्याला मात्र जपून. बॅटरी तळाखाली असते, म्हणून तळ कापता येत नाही आणि मुळातच थोडा वर असतो. बॅटरीच्या पेटीत भोक पाडून अँकर बसवायला कुणी निघाला तर गाडी घेऊन परत या.

साइड व्हीलची स्कूटर, बॅटरीची तीनचाकी, यातलं काय?

गावातल्या गावात, एकट्याने, कोरड्या रस्त्यावर साइड व्हीलची स्कूटर अजून सगळ्यांत व्यवहारी. फक्त ती वळणावर दुचाकीसारखी कलत नाही, हे ज्यांनी पूर्वी दुचाकी चालवली आहे त्यांनी आठवडाभर विसरू नये. खुर्ची न्यायची कुठे, हा तिचा कायमचा प्रश्न.

तो प्रश्न सोडवणारी एक चांगली वस्तू मद्रास आयआयटीतून निघालेल्या कंपनीने केली आहे: निओबोल्ट. व्हीलचेअरच्याच पुढे मोटरचं एक चाक आणि हँडल अडकवायचं, खुर्चीची गाडी होते, ताशी २५ किलोमीटरपर्यंत. पोचल्यावर पुढचा भाग काढला की पुन्हा खुर्ची. टिळकवाडी, हिंदवाडीच्या सपाट गल्ल्यांना एकदम योग्य. हायवेला नाही.

सरकारकडून मिळणारी बॅटरीची तीनचाकी कानपूरच्या अलिम्को या सरकारी कंपनीची असते, अपंगांना साधनं देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेतून शिबिरांत वाटतात. कर्नाटकचं विकलचेतन (म्हणजे अपंग) आणि ज्येष्ठ नागरिक सबलीकरण खातंही वाहनांच्या योजना काढतं. अर्ज ऑनलाइन असतो, कन्नडमध्ये असतो, आणि मराठी घरांत तिथेच गाडी अडते. उपाय गावातच आहे: ग्रामपंचायतीत ग्रामीण पुनर्वसन कार्यकर्ता असतो, सगळे व्हीआरडब्ल्यू म्हणतात. तो स्वतः अपंग असतो, फॉर्म त्याला पाठ असतो. आधी त्याच्याकडे जा, सायबरवाल्याकडे नंतर.

कोल्हापूरला एक चांगलं गॅरेज आहे. गाडी केए २२ ची. तिकडे करून आणली तर?

काम कुठेही करा, परवानगी मात्र तुमची गाडी जिथे नोंदली आहे त्या आरटीओची. केए २२ असेल तर बेळगाव, केए २३ असेल तर चिक्कोडी, केए ४९ असेल तर गोकाक. कोल्हापूरच्या एमएच ०९ च्या कचेरीचा यात संबंध नाही. क्रम असा: आधी परवानगी, मग काम, काम झाल्यापासून १४ दिवसांत कळवणं, तपासणी, आरसीवर नोंद. परवानगीशिवाय बदल केला तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते.

दंडापेक्षा मोठी भीती विम्याची. आरसीवर नसलेला बदल अपघातानंतर विमा कंपनीला आयता सापडतो. त्यामुळे विमा कंपनीलाही लेखी कळवा आणि पोच घ्या. गॅरेजवाल्याकडून बसवलेल्या सामानाची पावती आणि चाचणीचा कागद मागा. मराठीत, कन्नडमध्ये, इंग्रजीत, कसाही असो, पण कागद हवा.

जीएसटीत सूट मिळते म्हणे?

मिळायची, आणि तिच्यासाठी लोक दिल्लीचं पत्र काढायला महिनोन्महिने घालवायचे. चार मीटरच्या आतली छोटी गाडी, ४० टक्के किंवा जास्त अस्थिव्यंग, असं असलं की २८ ऐवजी १८ टक्के. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवर सगळ्यांनाच १८ टक्के झाला, त्यामुळे छोट्या गाडीसाठी त्या पत्राची धावपळ राहिली नाही. व्हीलचेअरवर ५ टक्के आहे, आणि गाडीत बसवायच्या अनुकूलन किटवर जीएसटी परिषदेने २०२१ मध्ये ५ टक्के केला. पावतीवर याहून जास्त लावला असेल तर दुकानात तिथल्या तिथे विचारा.

कार्ड इकडचं, दवाखाना तिकडचा. चालतं का?

ओळखपत्र म्हणून चालतं. यूडीआयडी हे अपंगत्वाचं कार्ड देशभराचं आहे, म्हणून जुनं पुस्तक असेल तर ते काढूनच घ्या. ४० ते ७९ टक्क्यांना पिवळी पट्टी, ८० आणि पुढे निळी, ४० च्या आत पांढरी. पण सवलती राज्याच्या आणि महामंडळाच्या: कर्नाटकाचा बसपास लाल परीत दाखवून उपयोग नाही. मिरजेला किंवा कोल्हापूरला उपचाराला जाणाऱ्यांनी दोन्हीकडचे नियम वेगळे धरावेत.

बस का सुधारत नाही?

नियम सुधारला. केंद्राने डिसेंबर २०१९ मध्ये मोटार वाहन नियम बदलले: १ मार्च २०२० पासून बसमध्ये राखीव आसनं, धरायचे दांडे, कुबड्या ठेवायची सोय, आणि व्हीलचेअर आत घेऊन बांधायची तरतूद. पण आपली गावाकडची बस डोळ्यांसमोर आणा. तळ मीटरभराहून वर, तीन पायऱ्या, मधोमध दांडा. शहरातल्या लो-फ्लोअर बसचा तळ साधारण ४० सेंटिमीटरवर असतो, थांब्याला ती एका अंगाने खाली बसते आणि दारातून फळी उघडते. ती बस कणकुंबीच्या किंवा जांबोटीच्या रस्त्याला पाठवली तर पहिल्या स्पीडब्रेकरला पोट घासेल. त्या रस्त्यांना बस उंचच हवी, मग लिफ्ट हवी.

दुसरी वाट हुबळी–धारवाडला बघायला मिळते. तिथे २०१८ पासून चिगरी धावते (चिगरी म्हणजे हरीण). बस खाली आणण्याऐवजी थांबाच बसच्या तळाएवढा उंच केला. स्टेशनवर रॅम्पने चढा आणि सरळ आत. बाबांना मी मुद्दाम एकदा त्यातून नेलं. दार उघडलं, खुर्ची आत गेली, कुणी वळूनही बघितलं नाही. बाबा धारवाडपर्यंत खिडकीतून बघत होते, मधेच म्हणाले, "तिकीट माझं मी काढतो."

रेल्वे?

बेळगावातून आता पुणे आणि बेंगळुरू दोन्हीकडे वंदे भारत आहे. टोकाच्या डब्यांत खुर्चीसाठी जागा असते. स्टेशनवर रॅम्प हवा असेल तर गाडीच्या आधी अर्धा तास स्टेशन मास्तरना सांगून ठेवा. ऐनवेळी सांगितलं की हमालच येतो, आणि पुन्हा उचलणं आलं.

पावसाळ्यात काय काळजी?

रॅम्पची बिजागरी दर महिन्याला ग्रीस. पट्ट्यांच्या रिट्रॅक्टरमध्ये (पट्टा गुंडाळून ताणणारी डबी) चिखल गेला तर ते अडकतात, म्हणून गाडीच्या तळातल्या, पट्टे अडकवायच्या रेल्सवर झाकण ठेवा. पट्टा उसवलेला दिसला तर शिवू नका, बदला. गाडीत एक जुनी चादर ठेवा: चढण्याआधी खुर्चीची चाकं पुसायला. चोर्ला घाटाने गोव्याला जाणार असाल तर पट्टे घाटाच्या आधी एकदा उतरून तपासा, वळणांत ते ढिले पडतात.

भाड्याने मिळते का अशी गाडी?

बेंगळुरूत रॅम्पच्या टॅक्सी सुरू होऊन बरीच वर्षं झाली. इथे फोन केला आणि आली असं नाही. लोक रुग्णवाहिका बोलावतात. लग्नाला रुग्णवाहिकेतून उतरणं म्हातारीला कसं वाटत असेल ते मी सांगायला नको. एखाद्या ईकोवाल्याने रॅम्प आणि नीट पट्टे बसवून, पासिंग करून घेतलं, तर डायलिसिसच्याच फेऱ्यांवर त्याचा धंदा चालेल असं मला वाटतं. निपाणीतल्या एकाला मी हे तीनदा सांगितलं आहे.

तुमची गाडी बघायला मिळेल का?

होय की. रविवारी सकाळी या, नऊनंतर, आधी बाबांची आंघोळ असते. ज्यांच्यासाठी गाडी घ्यायची त्यांना त्यांच्या खुर्चीसकट घेऊन या. नुसते फोटो काढून काही कळत नाही. टेप आमच्याकडे आहे. गाडी बोळाच्या तोंडाशी लावा, आत वळत नाही.